मॅटेडोरच्या इंजिनाची जीप

जुन्या जीपच्या जाहिराती वाचायचा नाद असेल तर एक शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा असेल: 'ओरिजिनल'. ओरिजिनल इंजिन, ओरिजिनल बोनेट, ओरिजिनल हेडलाइट, आणि कधीकधी तर 'ओरिजिनल कलर' (गेल्या आठवड्यात मारलेला!). हा शब्द असला की भाव चढतो. नसला की विकणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो. "इंजिन तेवढं मॅटेडोरचं आहे साहेब..."

आज मी त्या खाली आलेल्या आवाजाची बाजू घेणार आहे. त्यासाठी नगरला जावं लागेल. (२०२४ मध्ये जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं. पण मी ज्या काळाबद्दल लिहितोय तेव्हा सगळे नगरच म्हणायचे, म्हणून लेखात नगर.)

नगरच का? तर पुण्याहून शिर्डीला जाताना आपण ज्या गावाला फक्त चहासाठी थांबतो, त्या गावाचं आणि रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्यांचं नातं शंभर वर्षांच्या आसपासचं आहे. १९४८ साली सैन्याच्या चिलखती दलाची प्रशिक्षण केंद्रं इथे एकत्र आली. त्याच सुमारास आणखी एक पाहुणा आला. रावळपिंडीजवळ चकलाला इथे १९२९ पासून लष्करी वाहनं तपासणारं एक कार्यालय होतं. फाळणी झाली आणि ते तिथून उठून नगरला आलं. तीच पुढे डीआरडीओची व्हीआरडीई. पोस्टाचा पत्तासुद्धा 'वाहननगर'! केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये १२६ नंबरचा नियम आहे. गाडीचं नवं मॉडेल विकण्याआधी त्याचा नमुना कुणाकडून तपासून घ्यायचा, याची यादी त्यात आहे. पुण्याच्या एआरएआयबरोबर नगरची व्हीआरडीई त्या यादीत आहे. थोडक्यात, गाडी कशी असावी याचा शिक्का मारणारी एक जागा नगरमध्ये. आणि त्याच जिल्ह्यात दोन पिढ्या लोक शेडमध्ये, चिंचेखाली, गोठ्याच्या बाजूला गाड्या उघडून त्यांचं काहीतरी भलतंच करत बसलेले.

नगरचं रणगाडा संग्रहालय पाहिलं नसेल तर एक रविवार काढा. १९९४ साली ते सुरू झालं. १९६५ च्या युद्धातले पाकिस्तानी पॅटन बघायला सगळे जातात, पण मला तिथली सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट. राजेमहाराजांची ती आलिशान गाडी. १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिशांनी तिच्या चासीवर पोलादी पत्रे चढवले, स्प्रिंग मजबूत केले, वर मशीनगनचा फिरता मनोरा बसवला आणि झाली चिलखती गाडी. आता विचार करा, आजच्या भाषेत हे काय आहे? 'मॉडिफाइड' गाडी. मूळ बॉडी काढून टाकलेली, वजन वाढवलेलं, कंपनीच्या कागदात नसलेलं सगळं बसवलेलं. पण संग्रहालयात तिच्यासमोर उभं राहून "छे, ओरिजिनल नाही" असं कुणी म्हणत नाही. तिच्यात जो बदल झाला, तोच तिचा इतिहास आहे.

जीपला आपण हा न्याय लावत नाही.

जीपचा जन्म तुम्हाला माहीत असेल, म्हणून पटकन सांगतो. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. बँटम नावाच्या एका बुडत्या कंपनीने सप्टेंबरात पहिला नमुना दिला. इंजिन चाललं विलिसचं, २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर. विलिस आणि फोर्ड यांनी मिळून युद्धात सहा लाखांच्या वर जीप काढल्या. मला यात महत्त्वाची वाटते ती तिची रचना. शिडीसारखी चासी, त्यावर नटबोल्टने बसवलेली बॉडी, चारही बाजूंना पाटे, दोन्हीकडे अखंड एक्सल. काहीही तुटलं तरी ते बाकीच्याला धक्का न लावता खोलून काढता येतं. ज्याने आयुष्यात पाना धरला नाही अशा एकोणीस-वीस वर्षांच्या शिपायाला, चिखलात, रात्री, हातात असेल त्या हत्यारांनी ती दुरुस्त करता यावी, हा त्यामागचा हिशोब. आपल्या भाषेत मॉड्युलर डिझाइन. आणि मॉड्युलर असलेल्या गोष्टीचं पुढे लोक काय करतात ते आपल्याला माहीतच आहे :-)

मुंबईत १९४५ साली 'महिंद्रा अँड महंमद' सुरू झाली. त्यातले गुलाम महंमद पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचं नाव १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. १९४७ मध्ये विलिसच्या ७५ गाड्यांची पहिली खेप सुट्या भागांत आली आणि पुढे माझगावला जुळणी सुरू झाली. नंतर आपल्याकडे जी सगळीकडे दिसायची ती उंच बोनेटची सीजे-३बी. बोनेट उंच का? तर 'हरिकेन' इंजिनात आत जाणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर डोक्यावर नेले होते, इंजिन उंच झालं, मग बोनेटही उंच करावं लागलं. दिसायला बेढब. खुद्द विलिसच्या कारखान्यात हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे मात्र कितीतरी वर्षं चालू राहिलं. त्या बेढब उंचीचा पुढे असा उपयोग होणार होता की जो काढणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

आता नगर जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. उत्तरेला प्रवरेच्या कालव्यांवरचा ऊस, दक्षिणेला पाथर्डी-जामखेडकडचा कोरडा मुलूख, पश्चिमेला अकोल्यात थेट कळसूबाई. १९५०-५१ मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग एकेक करून बाकीचे आले. कारखाना म्हणजे शेतकी खात्याची माणसं, आणि ही माणसं उसाच्या फडात जाणार कशाने? जीपने. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, सभापतींची जीप आली. पाटबंधारे खात्याची होतीच. काळ्या रानात पाऊस पडून गेला की चिखल चाकाला असा बसतो की बैलगाडीसुद्धा हलत नाही. तिथे फोर-व्हील-ड्राइव्ह ही हौस नव्हती, हजेरी लावायची सोय होती.

या सरकारी, लष्करी आणि कारखान्यांच्या जीप म्हाताऱ्या झाल्या की लिलावात निघायच्या. तिथून त्या घरी यायच्या. कुणाच्या? बागाईतदाराच्या, कंत्राटदाराच्या, काळी-पिवळी चालवून पोट भरणाऱ्याच्या. नवी गाडी घ्यायची ऐपत नाही आणि जुनीशिवाय भागत नाही अशा माणसाच्या. आणि हा माणूस पहिल्या महिन्यातच एका गोष्टीवर येऊन अडकायचा: पेट्रोल.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव कुठे गेले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. डिझेल मात्र सरकारने शेती आणि एसटी-ट्रकसाठी स्वस्त ठेवलं. हा फरक पुढची चाळीस वर्षं टिकला. (पेट्रोल सरकारी दरातून मोकळं झालं जून २०१० मध्ये, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये.) म्हणजे अमेरिकन सैन्यासाठी काढलेलं पेट्रोल इंजिन नगरच्या शेतकऱ्याच्या दारात उभं होतं आणि रोज पैसे खात होतं. ज्याला आज आपण 'इंजिन स्वॅप' म्हणतो आणि यूट्यूबवर रात्री दोन वाजेपर्यंत बघतो, ते इथे असं सुरू झालं. हौस म्हणून कुणी केलं नाही. खुद्द कंपनीनेही सत्तरच्या दशकात ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं आणि नंतर फ्रान्सच्या प्यूजोचं. एमएम-५४० मधलं ते एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी. नावातच सगळं डॉक्युमेंटेशन!

पण जुन्या जीपवाल्यांचं एक लाडकं इंजिन होतं ते मॅटेडोरचं. आणि इथे गोष्ट फिरून नगरलाच येते. मॅटेडोर काढायची बजाज टेंपो. ती १९५८ मध्ये हँबर्गच्या टेंपो कंपनीबरोबर उभी केली नवलमल फिरोदियांनी. फिरोदिया घराणं मूळचं नगरचं, वडील कुंदनमल फिरोदिया नगरचे वकील आणि १९४६ नंतर मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. (लूना काढणारी कायनेटिक हीदेखील याच घराण्याची, आणि तिचा कारखाना नगरलाच.) ऐंशीच्या दशकात बजाज टेंपोने मर्सिडीजकडून ओएम६१६ या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. २.४ लिटर, चार सिलिंडर. हेच इंजिन तिकडे जर्मनीत मर्सिडीज २४०डी या गाडीत असायचं, टॅक्सीवाल्यांचं आवडतं. तर "इंजिन तेवढं मॅटेडोरचं आहे साहेब" याचा अर्थ नीट बघा: ओहायोतली बॉडी, माझगाव-कांदिवलीची जुळणी, श्टुटगार्टचं इंजिन, आकुर्डीत ओतलेलं, नगरच्या माणसाच्या कंपनीतलं. आणि हे सगळं एका ठिकाणी आणणारा फिटर, ज्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

हे काम कसं व्हायचं ते जरा तपशिलात सांगतो, कारण 'जुगाड' म्हणून ते उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो.

इंजिनाच्या मागच्या तोंडावरचे बोल्ट आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडावरचे बोल्ट जुळत नाहीत. म्हणून मध्ये जाड लोखंडी प्लेट कापून घ्यायची, एका बाजूला या कंपनीची भोकं, दुसऱ्या बाजूला त्या कंपनीची. (आपला अडॅप्टर पॅटर्न, फक्त कंपाइल एररऐवजी इथे बेअरिंग फुटतं.) प्लेटचं मधलं भोक केसभर जरी सरकलं तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट वाकडा फिरतो आणि थोड्याच दिवसांत क्लच ओरडायला लागतो. त्यामुळे लेथवरचा माणूस चांगला हवा. जिथे साखर कारखाना आहे तिथे लेथ आणि टर्नर असतोच. मग फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या पायांवर बसतं ते वेल्डिंग करून नवे करायचे. मग कळतं की इंजिनाचा चेंबर खाली पुढच्या एक्सलवर टेकतोय. नुसतं उभं असताना नाही, खड्ड्यात पाटे दबले की. म्हणून इंजिन वर उचलायचं, आणि इथे ती बेढब उंच बोनेट कामाला येते. रेडिएटर मोठा, बॅटरी मोठी, हीटर प्लगची वायर, सीटखालच्या टाकीला डिझेल परत येण्याची वेगळी नळी.

एवढं करून गाडी चालू होते आणि पळत नाही! का ते आकड्यांत बघू. जीपच्या एक्सलचं गुणोत्तर ५.३८. टायर ६.००-१६, उंची साधारण २८ इंच, म्हणजे घेर सव्वादोन मीटरच्या आत. टॉप गिअरमध्ये पेट्रोल इंजिन ४००० फेऱ्यांवर असेल तर गाडी जवळजवळ ताशी १०० वर जाते. त्याच जागी मिनिटाला २५०० फेऱ्यांवर दमणारं ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल बसवा: ताशी ६२. नगर-पुणे १२० किलोमीटर, करा हिशोब. मॅटेडोरचं इंजिन लोकांना आवडलं त्याचं एक कारण हेच, की ते मुळात कारचं, जास्त फिरणारं. ज्यांच्याकडे दुसरं कुठलं होतं ते क्राउन-पिनियन बदलायचे, पुढचं आणि मागचं दोन्ही, नाहीतर फोर-व्हील लावल्याबरोबर दोन एक्सल एकमेकांशी भांडतात. हे ज्याला कळत होतं त्याला आपण इंजिनिअर म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

जोंगाची गोष्ट वेगळी आणि जरा करुण. निस्सानच्या पॅट्रोलवरून जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून १९९९ पर्यंत ती बनली, सैन्यासाठी. सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. आज ज्याला आपण मोठी ऑफ-रोड एसयूव्ही म्हणतो ती खऱ्या अर्थाने हीच. लिलावातून ती स्वस्तात घरी यायची आणि मग अंगणातून हलायची नाही, कारण टाकी भरायची कुणी? यात बसवायला जीपचं इंजिन पुरत नाही, मग ट्रकच्या वर्गातलं बसायचं. ते बसलं की गाडीचं नाक जड, स्टीअरिंग दगडासारखं, पुढचे पाटे खाली. मग पाट्यांत एक पान वाढवा. मग मागून उड्या मारते. एक बग काढला की दोन नवे.

या सगळ्यात घरी करायचं ते रोजचं काम वेगळंच, आणि ते फारसं बदललेलं नाही. महिन्यातून एकदा ग्रीसगन घेऊन खाली झोपायचं: प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांचे शॅकल, किंगपिन. पाण्यातून गाडी काढली असेल तर हौसिंगचं ऑइल उघडून बघायचं, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ब्रेक ड्रम उघडून चिखल काढायचा. जॅकवर कधीही विश्वास ठेवायचा नाही, खाली घोडी लावल्याशिवाय अंग घालायचं नाही. पावसाळ्यात भंडारदऱ्याकडे, साम्रद-घाटघरच्या वाटांवर गाड्या घेऊन जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी स्वतःच्या गाडीचा क्रॉस पाहिलाय? नव्या गाड्यांत खाली झोपून फार काही हाती लागतही नाही, इंजिनाचं डोकं कॉम्प्युटरमध्ये असतं.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. सुरुवातीला त्याचा अर्थ असा होता की बदल करायचा असेल तर आरटीओला कळवा, मंजुरी घ्या. जुन्या आरसी बुकात या बदलांसाठी जागा असायची, तिथे इंधन 'पेट्रोल' खोडून 'डिझेल', नवा इंजिन नंबर, सही-शिक्का. २००० मध्ये कलम बदललं: कंपनीने मुळात जे तपशील दिले त्याच्याशी विसंगत बदल नको. इंधन बदलण्यासारखे काही अपवाद राहिले. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुलबारवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलं होतं.

हा कायदा चुकीचा आहे असं मला वाटत नाही. जीपचे ब्रेक नऊ इंची ड्रमचे, पायाच्या जोरावर चालणारे. पुढे जड इंजिन बसवून ती ताशी ऐंशीने पळवायची, मागे आठ माणसं, हे धोक्याचंच होतं. व्हीआरडीईसारख्या ठिकाणी ब्रेक मोजतात, तेव्हा ते त्या वजनासाठी मोजतात. २८ इंची टायर काढून ३१ इंची लावले की स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ वर असते, आणि ब्रेकना जास्त जोर लावावा लागतो. हे गणित हौशी लोकांना आवडत नाही, पण ते आहे.

माझं भांडण आहे ते दुसऱ्या एका नियमाशी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी, 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट, प्रदर्शनापुरती रस्त्यावर आणायची मुभा. छान. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे १९६५ ची सीजे-३बी, जिने सत्तर-ऐंशीच्या दशकात इंजिन बदलून घेतलं, आरटीओच्या शिक्क्यासह, ती विंटेज नाही. आणि रोजच्या गाडीसारखी चालू ठेवायची तर पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी केंद्राने एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० केली. मग मालक काय करतो? राहुरीकडे माझ्या एका मित्राच्या वडिलांच्या शेडमध्ये अशीच जीप आहे. मित्र हिंजवडीत असतो. आता त्याला ती 'ओरिजिनल' करायची आहे. मॅटेडोरचं इंजिन भंगारात, कुठूनतरी हरिकेन मिळवायचं, नवी प्लेट, नवा पत्रा, ऑलिव्ह ग्रीन रंग. म्हणजे ती कुठल्याही लष्करी छावणीत कधी नव्हती अशी लष्करी गाडी होणार! त्याच्या वडिलांनी ज्या गाडीने बत्तीस वर्षं ऊस बघितला, ती गाडी त्यात कुठे राहणार?

माझं त्याच्याशी अजून पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, भाऊ, पार्ट मिळतात तोवर करून घेतो. माझं म्हणणं, इंजिन फेकायच्या आधी निदान नोंद तरी कर.

तुमच्याही गावी अशी एखादी उभी असेल. पाना लावायच्या आधी बोनेट उघडून फोटो काढा, उजेडात, चारही बाजूंनी. ब्लॉकवरचा इंजिन नंबर कापडाने पुसून वाचा आणि आरसी बुकातल्या बदलाच्या पानाशी ताडून बघा. अडॅप्टर प्लेटची जाडी मोजा, वेल्डिंग कुणाच्या हातचं आहे ते घरात विचारा. फिटरचं गाव तरी आठवतच कुणाला तरी. क्राउनचे दात मोजा, पिनियनचेही. टाकीला परतीची नळी कुठून काढली आहे ते बघा, तिथे बहुतेक वेळा सगळ्यात हुशार काम असतं. आणि हे सगळं आरसी बुकाच्या मागे, पेनाने, लिहून ठेवा.